किशोरीताईंचा भूप: ‘सहेला रे’ लागण्याआधीची मिनिटे

गाण्याच्या क्लासात पहिल्या वर्षी जो राग हातात पडतो, त्याकडे पुढे आयुष्यभर आपण जरा वरूनच पाहतो. भूपाचे असेच झाले आहे. सा, रे, ग, प, ध असे पाचच शुद्ध स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य आणि चालायला सरळ रस्ता. म्हणूनच एकदा तरी ऐकावे असे काही सुचवा, असे कोणी म्हटले की मी दरबारी किंवा मारव्याकडे न वळता किशोरी आमोणकरांच्या भूपाच्या जुन्या लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेचे नाव घेतो. एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. त्यात ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला बडा ख्याल आणि त्याला जोडून ताईंनी स्वतः बांधलेली ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश.

‘सहेला रे’ बहुतेकांनी ऐकलेली असते आणि तक्रार नेमकी तीच आहे. लोक थेट तिथे पोहोचतात. पण त्या बंदिशीतला मोकळेपणा आधीच्या विलंबितातून कमावलेला आहे, आणि तो भाग वगळला तर जेवणाच्या पानावर बसून फक्त पापड खाऊन उठल्यासारखे होते.

विलंबितात ऐकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे गंधार, म्हणजेच ग. भूपात वादी (रागाचा मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत. हेच पाच स्वर घेऊन धैवताला मोठेपण दिले आणि वरच्या अंगाने गायले की सकाळचा देशकार होतो. (भूपाळी पहाटे म्हणायची आणि भूप गायचा रात्रीच्या पहिल्या प्रहरी, हा मराठी घरातला जुना गोंधळ आहे.) त्यामुळे भूप गाणाऱ्याला धैवतावर जाऊन रमता येत नाही; तिथून गंधाराकडे परतावे लागते, आणि प्रत्येक वेळी त्याच वाटेने परतलो तर पाच मिनिटांत गाणे संपते. ताई इथे काय करतात ते कान देऊन ऐकावे: गंधारावर त्या कधी थेट उतरतात, कधी पंचमावरून मींडेने, म्हणजे स्वर न तोडता, घरंगळत येतात, तर कधी रिषभावर इतका वेळ थांबतात की गंधार लागण्याआधीच तो ऐकू येऊ लागतो. स्वर तोच, पण दर खेपेला त्याचा चेहरा निराळा.

हे गाणे जयपूर-अत्रौली घराण्याचे आहे का, हा वाद जुना आहे. अल्लादियाखाँसाहेबांच्या या घराण्याची ओळख म्हणजे लयीला बिलगून जाणारी, पेचदार मांडणी आणि अनवट राग. ताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर या शिस्तीत वाढलेल्या. ताईंनी मात्र आलापाला दिलेली जागा अनेक जाणकारांना खटकली; काही काळ गायिका अंजनीबाई मालपेकरांकडे घेतलेल्या तालमीचा वाटा त्यांच्या मींडकामात आहे, असेही मानले जाते. माझे मत विचाराल तर या ध्वनिमुद्रिकेत घराणे सुटलेले नाही. आलाप कितीही सैल वाटला तरी समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) येताना शब्दांची बांधणी घट्ट होत जाते आणि ताना सुरू झाल्यावर तर ती तालीम लपतच नाही.

उणिवा आहेत. लाँग प्लेच्या एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे मावतात, आणि मैफलीत तासभर फुलणारा राग एवढ्यात बसवायचा म्हणजे काही तरी आवरावे लागते. इथे ती कात्री बढतीच्या, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवण्याच्या, मधल्या भागाला लागली आहे असे मला वाटते. आलापातून तानांकडे जाणे जरा घाईचे झाले आहे. अर्थात ७८ गतीच्या तबकडीवर याच घराण्याच्या केसरबाई केरकरांना साडेतीन मिनिटांच्या आत राग उभा करावा लागे, हे आठवले की ही तक्रार पुढे रेटण्याचा धीर होत नाही.

कशावर ऐकावे, याविषयी थोडे. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो, आणि तानपुऱ्याविना हा गंधार अर्धाच कळतो. साधे इयरफोनही पुरतात, पण ते लावावेत. मी जे अ‍ॅप वापरतो त्यात बडा ख्याल आणि ‘सहेला रे’ असे दोन स्वतंत्र तुकडे केलेले आहेत, आणि पैसे न भरणाऱ्या श्रोत्याला नेमक्या त्या सांध्यावर कर्जाची जाहिरात ऐकवली जाते. विलंबिताची लय अजून अंगात असताना द्रुताचा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलला जातो, हीच तर त्या जागेची गंमत आहे. हप्त्यांची चौकशी कानावर पडल्यावर त्यातले काय उरणार?

या वैतागातूनच मी जुन्या बाजारातून मूळ ध्वनिमुद्रिका साडेआठशे रुपयांना घेतली. विक्रेत्याने “एकदम क्लीन” असे सांगितले होते, आणि भूपाच्या बाजूपुरते ते खरे निघाले; मऊ कापड आणि डिस्टिल्ड वॉटरने पुसल्यावर किरकोळ चरचर उरली, तीही तानपुऱ्यात मिसळून जाते. दोन्ही ख्याल एका सुईखाली सलग ऐकण्यासाठी ती किंमत मला जास्त वाटली नाही. बागेश्रीच्या बाजूला मात्र एक लांब ओरखडा आहे. तिथे सुई एकाच आलापावर फिरत राहते आणि दर वेळी उठून ती हाताने पुढे ठेवावी लागते.