आईच्या स्मरणिकेचे काम : पुण्यातील एका लहान मुद्रणालयाचा अनुभव

वर्षश्राद्ध, पुण्यतिथी किंवा आमच्या बेने इस्राएल या मराठी भाषक यहुदी समाजातील वार्षिक हश्काबा (मृतांच्या स्मरणाची प्रार्थना) अशा निमित्तांसाठी घरगुती स्मरणिका संपादनासह छापून देणारी मुद्रणालये आता बरीच झाली आहेत. परिचारिका असलेल्या आमच्या आईची चौसष्ट पानी स्मरणिका पुण्यातील अशाच एका मुद्रणालयाने काढून दिली. नव्वद जीएसएमचा मॅपलिथो कागद, मध्ये आर्ट पेपरवरील आठ रंगीत पाने आणि दीडशे प्रती असे कामाचे स्वरूप होते. छपाई स्वच्छ आहे, शाई पसरलेली नाही, शिलाई भक्कम आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरे कौतुक करायचे ते तेथील संपादिकाबाईंचे. नातेवाइकांकडून आलेले जवळजवळ सर्व लेख ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ याच तीन विशेषणांभोवती फिरत होते आणि ते तसेच छापले असते तर ती स्मरणिका कोणाच्याही आईची होऊ शकली असती. बाईंनी प्रत्येक लेखकाला स्वतः दूरध्वनी करून एकच मागणी केली, की एक प्रसंग सांगा. त्यातूनच प्रसूतिकक्षातील एका निवृत्त आयाबाईंकडून समजले, की बाळाचे ठोके ऐकण्याचे नळकांडे पोटाला लावण्यापूर्वी आई ते हिवाळ्यात आपल्या तळहातांत धरून ऊबदार करून घेत असे, आणि नव्या परिचारिकांनाही तसे करायला लावत असे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या तोंडच्या दारफाळणीच्या सणाच्या उपासाला सुट्टी मिळावी म्हणून ती दर वर्षी लक्ष्मीपूजनाची आणि नाताळची रात्रपाळी आपण होऊन मागून घेई, हेही एका सहकारी सिस्टरनेच लिहून पाठवले. रात्रपाळीहून आल्यावर आमचे डबे भरल्याशिवाय ती पाठ टेकत नसे, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक होते. पाळ्यांचे हे देवाणघेवाणीचे गणित घरात कोणी कधी ऐकले नव्हते.

छायाचित्रांच्या कामाबाबत मात्र तक्रार आहे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अलीकडे काढलेला आईचा एक कृष्णधवल फोटो आम्ही दिला होता : साडीचा काचा मारलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, तेही घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. रुग्णालयातील मैत्रिणींना जमवून सुट्टीच्या दिवशी गड चढायला नेणारी, आणि मुले लहान आहेत म्हणून बेत रद्द न करता त्यांनाही सोबत घेणारी आमची आई त्या एका फोटोत पुरती सापडते. पहिल्या मुद्रितात बूट पांढरेशुभ्र झाले होते, कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेल्या होत्या आणि मागे धुके होते तेथे निळे आकाश आले होते. सांगितल्यावर मूळ फोटो परत लावला गेला, पण ‘सुधारणा’ करण्यापूर्वी विचारण्याची पद्धत तेथे नाही, हे नवीन ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

हिब्रू मजकुराच्या बाबतीत त्याहून अधिक जागरूक राहावे लागते. कबरीच्या शिळेवर आणि स्मृतिपत्रावर मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो अशा अर्थाची पाच हिब्रू अक्षरे असतात. मराठीसाठी बसवलेल्या पानात ती उजवीकडून डावीकडे न येता उलट्या क्रमाने आली होती. तारखेचाही घोळ झाला. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि आई रात्री आठ वाजता गेली, त्यामुळे तिची हिब्रू तिथी दुसऱ्या दिवसाची धरावी लागते. संगणकात इंग्रजी तारीख घालून मिळालेली तिथी एक दिवस आधीची होती आणि ती तशीच छापली गेली असती, तर पुढे दर वर्षी तिच्या स्मरणाचा दिवा चुकीच्या संध्याकाळी लागला असता. दोन्ही दुरुस्त्या त्यांनी विनातक्रार आणि विनामोबदला केल्या, हे नमूद करायला हवे. तरीही असा मजकूर आपल्या सिनेगॉगमधील हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा जाणत्या माणसाला दाखवून मगच छपाईला संमती द्यावी.

शेवटच्या पानांवर मलिद्याची, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाची, कृती घालण्याची सूचनाही संपादिकाबाईंचीच. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि सोबतीला फळे हे आमच्याकडे सर्वांना माहीत असते. परंतु अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हानबीच्या स्थानी नवस फेडायला जाताना आई पोहे कोरडेच नेत असे आणि तेथे पोहोचल्यावर भिजवत असे, ही तिची खास रीत त्यांनी मावशीकडून काढून घेतली. कृतीखाली एका ओळीत ती छापलेली आहे.

दर माफक म्हणता येणार नाही, मात्र संपादन धरून तो वाजवी वाटतो. परदेशात प्रती पाठवण्याची सोय त्यांच्याकडे नाही. अश्दोद आणि दिमोना येथील नातेवाइकांसाठी आम्हालाच टपालाने पाठवाव्या लागल्या. पीडीएफ हवी असल्यास ती आधीच मागून घ्यावी, कारण काम संपल्यावर तिचे वेगळे पैसे आकारले जातात.