तोटीवाली तांब्याची कळशी: आठ महिन्यांनंतर

धनतेरसला कसेरा बाजारातून दहा लिटरची घेतली, वजनावर. आता जून आलाय तर लिहूनच टाकतो, कारण घेताना मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट, पाणी गार राहतं हे डोक्यातून काढा. तांबं उष्णता भराभर नेतं, स्टीलच्या कितीतरी पट, म्हणून मे महिन्यात इंदूरच्या ओट्यावर ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत खोलीइतकंच तापलं. गार पाण्यासाठी माठच, तो पाझरतो म्हणून गार करतो, ही कळशी कुठून पाझरणार. आणि हा फिल्टरही नाही. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात थोडं तांबं उतरतं आणि ते जंतू मारतं हे खरंय, पण गाळ, क्षार जसेच्या तसे, आम्ही नर्मदेचं पाणी फिल्टर करूनच भरतो.

बाहेरून काळवंडते ते चालतं. आतले काळे डाग मात्र चिंच-मिठाने काढावे लागतात, दर रविवारी. चिंचेचा कोळ फिरवला की बोटाखालीच काळं जाऊन गुलाबी तांबं वर येतं, तेवढी पाच मिनिटं मजा येते, बाकी हात आत खांद्यापर्यंत घालून घासणं म्हणजे व्यायामच. आंबट तांबं खातं, म्हणूनच ते चकाकतं, आणि म्हणूनच आंबट काही यात ठेवायचं नाही. भाच्याने एकदा लिंबू सरबत केलं होतं यात, आईने ओरडून सगळं मोरीत ओतलं. बरोबरच केलं, जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ, उलट्या. डब्ल्यूएचओने पिण्याच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हटलंय.

आता खरी तक्रार. तोटी पितळेची, पण आतून कसायचा नट लोखंडी निघाला, वरून नुसता चमकवलेला. तांब्याला लागून ओलं लोखंड असलं की गंजतं लोखंडच, आणि भराभर. चौथ्या महिन्यात पाण्याला तांबूस रंग यायला लागला, मी म्हटलं तांबं उतरतंय, अंगाला चांगलं! तोटी खोलली तर नटचा नुसता भुगा. पितळी नट आणि नवं वायसर टाकलं, तेव्हापासून पाणी स्वच्छ. घेताना नटला चुंबक लावून बघा, तांब्या-पितळेला ते चिकटत नाही.

जुना नट दुकानदाराला नेऊन दाखवला, तर म्हणे, "भैया, तांबा तो सौ टका है." अहो तांबं आहेच, मी नटचं विचारतोय!