मैदान विद्यार्थ्यांचे, जबाबदारी कोणाची? : एका विद्यापीठाच्या क्लब-क्रीडा सेवेचे परीक्षण

विद्यापीठात खेळण्याचे साधारणपणे तीन मार्ग असतात. विद्यापीठाच्या अधिकृत संघात निवड होणे हा पहिला. तिथे प्रशिक्षक पगारी असतो, सराव चुकवून चालत नाही आणि जागा मोजक्या असतात. दुसरा मार्ग विद्यापीठातल्या विद्यापीठात भरणाऱ्या हौशी सामन्यांचा. तिथे नाव नोंदवले की खेळायला मिळते, परंतु बाहेरच्या संघाशी गाठ पडत नाही. या दोहोंच्या मधली जागा क्लबांची आहे. क्लब बाहेरच्या विद्यापीठांशी स्पर्धा करतो, मात्र त्याचा कारभार विद्यार्थीच पाहतात: वर्गणी ठरवणे, निवड चाचणी घेणे, प्रशिक्षक शोधणे, प्रवासाची सोय करणे आणि हिशेब मांडणे ही सर्व कामे निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांची असतात. या क्लबांना मैदान, निधी आणि विमा पुरवणारा एक विभाग विद्यापीठात असतो आणि प्रस्तुत परीक्षण अशाच एका विभागाच्या सेवेचे आहे. मी तिथल्या अल्टिमेट फ्रिस्बी (चकती फेकत-झेलत खेळायचा सांघिक खेळ, थोडक्यात अल्टिमेट) क्लबात आधी खेळाडू, नंतर खजिनदार आणि शेवटी अध्यक्ष होते. विद्यापीठाचे नाव मी देत नाही, कारण हीच रचना थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी आहे आणि इथले गुणदोष तिथेही तपासून पाहण्यासारखे आहेत.

अशा विभागाला मी एकच कसोटी लावते. विद्यार्थ्यांना जे पेलते ते त्यांच्याकडे ठेवले आहे का, आणि जे त्यांना पेलणारे नाही ते विभागाने स्वतःच्या खांद्यावर घेतले आहे का? या कसोटीवर हा विभाग सुरक्षिततेच्या बाबतीत उत्तम उतरतो, पैशांच्या बाबतीत जेमतेम उतरतो आणि कार्यभार एका कार्यकारिणीकडून दुसरीकडे सोपवण्याच्या बाबतीत साफ कमी पडतो.

विद्यार्थ्यांना कारभार देणे म्हणजे विद्यापीठाने केलेली मेहेरबानी आहे, असा समज काही ठिकाणी दिसतो. इतिहास नेमका याच्या उलट आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली पहिली नौका शर्यत 1829 मध्ये झाली, ती विद्यार्थ्यांनीच एकमेकांना आव्हान देऊन ठरवली होती. वेगवेगळ्या शाळांतून आलेल्या मुलांचे फुटबॉलचे नियम जुळेनात, तेव्हा 1848 मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून सर्वांसाठी एक नियमावली तयार केली. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानला जातो, आणि तोही विद्यार्थ्यांनी जुळवून आणलेला होता. आमच्या क्लबाला या तारखेचे विशेष अप्रूप आहे, कारण 1972 मध्ये त्याच तारखेला त्याच दोन विद्यापीठांत अल्टिमेटचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना खेळला गेला. विद्यार्थ्यांनी आधी खेळ उभे केले आणि ते सांभाळणारी कार्यालये बऱ्याच नंतर आली. हा क्रम ज्या विभागाच्या ध्यानात असतो, त्याचे अधिकारी क्लबांशी वरिष्ठासारखे न वागता सहकाऱ्यासारखे वागतात. आमच्या विभागातील समन्वयक बहुतांशी तसेच वागतात, हे मी आवर्जून नोंदवते.

सुरक्षिततेविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या सेवेची खरी किंमत तिथेच कळते. प्रत्येक क्लबाने दोन सुरक्षा प्रतिनिधी नेमले पाहिजेत, त्यांनी प्रथमोपचार, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) आणि हृदयाला विद्युत झटका देणाऱ्या एईडी यंत्राचा वापर यांचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, आणि त्यांच्यापैकी एक तरी हजर नसेल तर सराव सुरू करता येणार नाही, असा इथला नियम आहे. प्रशिक्षणाचा खर्च विभाग करतो. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला विद्युत झटका मिळण्यात उशीर झाला, तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. म्हणून यंत्र कुठे ठेवले आहे आणि ते धावत आणायला किती वेळ लागतो, याची तालीम प्रत्येक मैदानावर करून घेतली जाते. यंत्र कुलूपबंद खोलीत असते आणि किल्ली पहारेकऱ्याकडे असते, हा दोष अशाच एका तालमीत उघड झाला. विभागाने ते त्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला उघड्या पेटीत आणून बसवले. तक्रारीची इतकी तातडीने दखल घेतली गेल्याचे उदाहरण मी इतर कोणत्याही कार्यालयात पाहिलेले नाही.

डोक्याला लागलेल्या माराविषयीचा नियम याहून मोलाचा आहे. अल्टिमेटमध्ये पंच नसतो. नियमभंग झाला की नाही हे खेळाडूच आपापसात ठरवतात आणि ही प्रथा थेट जागतिक स्पर्धेपर्यंत पाळली जाते. खेळाच्या दृष्टीने ही प्रथा सुंदर आहे, परंतु मेंदूला धक्का बसल्याची शंका असताना निर्णय खेळाडूवर सोडणे धोक्याचे असते, कारण ज्याला मार लागला आहे तोच आपण ठीक असल्याचे सर्वांत मोठ्याने सांगत असतो. एका उपांत्य सामन्यात आमच्या कर्णधाराने चकती झेलण्यासाठी आडवी झेप घेतली आणि प्रतिस्पर्ध्याचा गुडघा तिच्या कानशिलावर आदळला. ती लगेच उठली, हसली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. सुरक्षा प्रतिनिधी पहिल्या वर्षाची मुलगी होती. ती मैदानात गेली, तिने कर्णधाराला आताचा गुणफलक विचारला आणि उत्तर चुकताच तिचा दंड धरून तिला बाहेर घेऊन आली. कर्णधाराने वाद घातला, आम्हीही कुरकुरलो, पण प्रतिनिधी बधली नाही. शंका आली की त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, हा नियम लेखी होता आणि त्याखाली विभागप्रमुखांची सही होती. एरवी कर्णधारासमोर बोलायलाही बिचकणाऱ्या मुलीला बळ मिळाले ते त्या सहीमुळे. त्यानंतर टप्प्याटप्प्याने खेळात परतण्याची पद्धत आहे. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास द्यायचे आणि पूर्ण खेळाला डॉक्टरांची परवानगी घ्यायची, हे विभाग कटाक्षाने पाळून घेतो. विद्यार्थ्यांना न पेलणारी जबाबदारी विभागाने उचलणे म्हणजे काय, ते मी त्या सामन्यात पाहिले.

मैदानांच्या वाटपाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सत्राच्या सुरुवातीला सर्व क्लबांचे सचिव एकत्र बसून वेळापत्रक ठरवतात, संध्याकाळच्या वेळेसाठी ओढाताण होते आणि अधिकृत संघांना आधी मान मिळतो. पावसाने सामना रद्द झाला तर पर्यायी वेळ मिळवण्यासाठी बरेच खेटे घालावे लागतात. एकंदर व्यवस्था चालण्याजोगी आहे.

पैशांचा व्यवहार मात्र बारकाईने पाहायला हवा. इथे प्रत्येक क्लबाची दोन खाती असतात. एका खात्यात विद्यापीठाचे अनुदान येते आणि वर्षअखेर उरलेली रक्कम परत जाते. दुसऱ्या खात्यात वर्गणी आणि देणग्या जमा होतात आणि ती शिल्लक पुढच्या वर्षी वापरता येते. त्यामुळे जाणता खजिनदार आधी अनुदान खर्ची घालतो आणि वर्गणीला शक्यतो हात लावत नाही. ही विभागणी मला योग्य वाटते, कारण त्यामुळे क्लबाला स्वतःची गंगाजळी साठवता येते. अनुदान मागताना केवळ आकडे चालत नाहीत, तर सभासदसंख्या, झालेले सामने आणि आधीच्या वर्षाचा हिशेब समोर ठेवून विद्यार्थ्यांच्याच समितीपुढे बाजू मांडावी लागते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना अंदाजपत्रक तयार करणे आणि भर बैठकीत त्याचे समर्थन करणे या निमित्ताने शिकायला मिळते, आणि हे शिक्षण वर्गातल्या कोणत्याही तासापेक्षा कमी प्रतीचे नाही.

अडचण प्रतिपूर्तीची आहे. स्पर्धेचे प्रवेशशुल्क, वाहनाचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च आधी करावा लागतो. विभाग पावत्या तपासून ती रक्कम नंतर देतो. मधल्या काळात तो खर्च खजिनदाराच्या किंवा कर्णधाराच्या खिशातून झालेला असतो. पावतीवर क्लबाचे नाव नसेल, प्रवाशांची यादी जोडलेली नसेल किंवा सहीच्या तारखेत खाडाखोड असेल, तर कागद परत येतात आणि पुन्हा रांगेत शेवटी जातात. हिशेबाच्या शिस्तीला माझा आक्षेप नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. माझा आक्षेप परिणामाला आहे. जो विद्यार्थी एवढी रक्कम काही आठवडे अडकवून ठेवू शकतो, तोच पदाधिकारी होऊ शकतो. आमच्या क्लबात हिशेबाला सर्वांत पक्की असलेली मुलगी शिष्यवृत्तीवर शिकत होती आणि केवळ या कारणाने तिने खजिनदारपदाचा अर्ज भरला नाही. निवडणूक खुली असूनही पद ऐपतीने ठरत असेल, तर त्या निवडणुकीचा अर्थ उणावतो. स्पर्धेपूर्वी मर्यादित उचल देणे आणि प्रवेशशुल्क विभागाने आयोजकांकडे परस्पर भरणे, हे दोन बदल केले तरी हा अन्याय बराच दूर होईल आणि विभागाच्या खर्चात एका पैशाचीही वाढ होणार नाही.

प्रशिक्षकांच्या बाबतीत विभागाची भूमिका समंजस आहे. प्रशिक्षक नेमायचा की नाही आणि कोणाला नेमायचे हे क्लब ठरवतो. विभाग त्याची पार्श्वभूमी तपासतो आणि लेखी करार करायला लावतो. संघाची अंतिम निवड प्रशिक्षकाने करावी की कार्यकारिणीने, हे करारात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह प्रथम आम्हाला जाचक वाटला होता. पुढे निवड चाचणीत एका पदाधिकाऱ्याचे नाव वगळले गेले, तेव्हा करारातल्या त्याच एका ओळीमुळे क्लबात फूट पडली नाही.

आता सर्वांत दुबळ्या बाजूकडे वळते. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या प्रत्येक संस्थेत जाणकार माणसे दर वर्षी बाहेर पडतात, आणि ही गोष्ट आधीपासून ठाऊक असल्यामुळे तिची तरतूद करणे हे विभागाचे पहिले काम असायला हवे. इथे निवडणुका वर्षाच्या अगदी अखेरीस, परीक्षेच्या तोंडावर होतात. मावळती कार्यकारिणी अभ्यासाला लागलेली असते, नवीन कार्यकारिणीच्या हाती एक परवलीचा शब्द आणि साहित्याच्या खोलीची किल्ली पडते आणि सुटी सुरू होते. पुढच्या हंगामाच्या नोंदणीच्या मुदती याच सुटीत येऊन निघून जातात. नौकानयन क्लबाच्या नोंदणीची सूचना माजी सचिवाच्या खाजगी ईमेलवर गेली. तो तोवर पदवी घेऊन दुसऱ्या देशात गेलेला होता. सूचना कोणी उघडली नाही आणि पहाटेच्या अंधारात वर्षभर वल्ही मारलेल्या मुलांचा संपूर्ण हंगाम बुडाला. विभागाने सहानुभूती दाखवली, परंतु पदाच्या नावाने कायम राहणारे ईमेल खाते प्रत्येक क्लबाला देण्याची साधी सुधारणा अजून झालेली नाही.

याहून खटकणारी बाब अशी की, क्लबाचा अवघा इतिहास विभागाकडेच पडून असतो. दर वर्षीचे हिशेब, प्रवासाचे अर्ज, अपघाताच्या नोंदी आणि प्रशिक्षकांचे करार तिथे जमा होतात, पण नवीन पदाधिकाऱ्याला ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि ते मागता येतात हे त्याला कोणी सांगत नाही. मी अध्यक्ष झाल्यावर जुने अर्ज मागवले, तेव्हा आमच्याच आधीच्या कार्यकारिणीने एका स्पर्धेच्या आयोजकांकडून शुल्कात सवलत मिळवल्याचे पत्र त्यात सापडले. मधल्या काळात ती सवलत कोणी मागितलीच नव्हती. निवडणुका दोन महिने अलीकडे घ्याव्यात, नव्याजुन्या पदाधिकाऱ्यांनी तेवढा काळ जोडीने काम करावे आणि क्लबाची जुनी कागदपत्रे पहिल्याच दिवशी नवीन सचिवाच्या स्वाधीन करावीत, ही मागणी आम्ही अनेक क्लबांच्या सह्यांनिशी केलेली आहे.

इतके दोष दाखवूनही ही सेवा मी विद्यार्थ्यांना मनापासून सुचवीन. ज्यांनी कधी कोणताही खेळ गंभीरपणे खेळलेला नाही, त्यांना इथे बाहेरच्या संघाविरुद्ध उभे राहण्याची संधी मिळते. ज्यांना माणसे जमवण्याची आणि काम तडीस नेण्याची आवड आहे, त्यांना खरे अधिकार मिळतात. क्लबात दाखल होण्यापूर्वी मात्र मागील वर्षाचा हिशेब पाहायला मागावा, सुरक्षा प्रतिनिधी कोण आहेत हे विचारावे आणि वर्गणी परवडत नसेल तर सवलतीसाठी अर्ज कोणाकडे करायचा याची चौकशी करावी. जो क्लब या तीन प्रश्नांची उत्तरे अवघडल्याशिवाय देतो, तिथे बेलाशक नाव नोंदवावे. पदाधिकारी होण्याचा विचार असेल, तर आधी एक सत्र खजिनदाराच्या शेजारी बसून पावत्या लावायला शिकावे.

उचल देण्याचा प्रस्ताव विभागाच्या समितीपुढे आहे आणि निवडणुका अलीकडे घेण्याच्या मागणीवर पुढील बैठकीत चर्चा व्हायची आहे. तोवर माझे गुणांकन पाचपैकी साडेतीन असे राहील. त्यातला बहुतेक वाटा कानशिलावर मार लागलेल्या कर्णधाराला बाहेर काढणाऱ्या त्या नियमाचा आणि तो अमलात आणणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आहे.