रत्नागिरीतील सॉकेट प्रोग्रॅमिंगचा वर्ग
रत्नागिरीतील एका छोट्या संगणक वर्गात लिनक्सवरील सॉकेट प्रोग्रॅमिंग, म्हणजे दोन प्रोग्रॅमना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावणे, शिकलो. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासून चालत आलेल्या सॉकेट, बाइंड, लिसन आणि अ‍ॅक्सेप्ट या सिस्टिम कॉल्सचा (ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागणाऱ्या हाकांचा) क्रम तिथे नुसता पाठ करून घेत नाहीत. अ‍ॅक्सेप्ट प्रत्येक जोडणीसाठी नवा डिस्क्रिप्टर (ती जोडणी ओळखणारा क्रमांक) देतो आणि मूळ सॉकेट ऐकतच राहतो, हे सरांनी दोन टर्मिनल शेजारी ठेवून दाखवले. टीसीपी (नेटवर्कवरून डेटा पोहोचवण्याचा प्रोटोकॉल) हा बाइटांचा सलग प्रवाह असल्याने एका सेंडचा मजकूर एकाच रिसीव्हमध्ये येईल असे गृहीत धरू नये, यावर खर्चलेले दोन तास सार्थकी लागले. ईपोल (एकाच वेळी अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवण्याची लिनक्सची सोय) मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकले, ही मोठीच उणीव. पावसाळ्यात वीज जाते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच जावे.