मुलीसाठी घेतलेला यूएसबी सूक्ष्मदर्शक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांसाठीच्या डिजिटल सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावर ठळकपणे छापलेल्या ‘१००० पट’ या आकड्याकडे खरेदी करताना लक्षच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. खरे वर्धन घरीही मोजता येते. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी भिंगाखाली ठेवावी आणि पडद्याच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात ते पाहावे. आमच्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद आहे. भिंग पट्टीला जवळजवळ टेकवल्यावर त्यात दीड मिलिमीटर मावले, म्हणजे वर्धन साधारण २३० पट झाले. तेच चित्र मोठ्या टीव्हीवर दाखवले तर आकडा फुगेल, परंतु नवा तपशील एकही दिसणार नाही.

सहावीतल्या मुलीच्या कुतूहलाला मात्र एवढे वर्धन पुरून उरते. मिठाचे घनाकृती स्फटिक, वर्तमानपत्रातील रंगीत छायाचित्राचे सुटे ठिपके, मोबाइलच्या पडद्यावरील लाल, हिरवे व निळे घटक, मेलेल्या फुलपाखराच्या पंखावरचे कौलांसारखे रचलेले खवले हे सारे ती कोणाच्याही मदतीशिवाय पाहते आणि त्यांची छायाचित्रे जपून ठेवते. नेत्रिकेत एक डोळा लावून पाहण्याऐवजी घरातील सर्वांना एकाच वेळी पडद्यावर पाहता येते, हा या साधनाचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण आहे.

त्रास झाला तो स्टँडचा. सोबत आलेला प्लास्टिकचा स्टँड इतका हलका होता की, टेबलावर वही ठेवली तरी चित्र पडद्याबाहेर जाई, आणि नेमके फोकस करण्यासाठी कडे फिरवताना तर संपूर्ण यंत्रच डोलत असे. वेगळा विकत घेतलेला, दाते असलेल्या चाकाने वर-खाली होणारा धातूचा स्टँड बसवल्यानंतरच मुलगी ते स्वतःहून वापरू लागली. त्यामुळे मेगापिक्सेलची तुलना करण्याआधी स्टँडची चौकशी करावी.

दुसरी मर्यादा प्रकाशाची. भिंगाभोवतीचे एलईडी दिवे वरून प्रकाश टाकतात. पान, कापड किंवा नाणे पाहण्यास तो योग्य असला, तरी भुंग्याच्या चकचकीत पाठीवर आणि पाण्याच्या थेंबावर दिव्यांचीच प्रतिबिंबे दिसतात. शाळेतील कांद्याच्या पापुद्र्याच्या प्रयोगासाठी प्रकाश खालून आणि पापुद्र्याच्या आरपार यावा लागतो. आम्ही काचपट्टी दोन लहान पुस्तकांच्या फटीवर आडवी ठेवतो, खाली मोबाइलचा टॉर्च लावून मध्ये ट्रेसिंग पेपर धरतो आणि यंत्राचे दिवे बंद करतो. आयोडीनचा सौम्य थेंब दिल्यावर पेशींच्या भिंती आणि केंद्रके व्यवस्थित दिसतात. एवढा खटाटोप नको असेल, तर तळाशी दिवा असलेलेच मॉडेल निवडावे.

वायफायपेक्षा केबल बरी, हेही नमूद करतो. एका परिचितांकडील वायफायच्या यंत्रात चित्र हालचालीच्या मागे रेंगाळते, आणि फोन यंत्राच्या नेटवर्कला जोडलेला असेपर्यंत त्याचे इतर वायफाय बंद राहते. आमचे यंत्र लॅपटॉपला साधा वेबकॅमच वाटते, म्हणून विक्रेत्याचे ॲप न घेताही चालते.

डबक्याच्या पाण्यातील सूक्ष्मजीव हा ज्या मुलाचा मुख्य ध्यास आहे, त्याला हे यंत्र देऊ नये. पॅरामेशियम हा एकपेशीय जीव त्यात केवळ पळणाऱ्या धूसर आकारासारखा दिसतो; त्याच्या अंतर्गत रचनेसाठी शाळेत असतो तसा, ४० पट वस्तुभिंगाचा (म्हणजे वस्तूजवळच्या भिंगाचा; नेत्रिकेच्या नेहमीच्या १० पटींशी गुणून एकूण ४०० पट) संयुक्त सूक्ष्मदर्शकच घ्यावा लागेल.