वालचंद की लक्ष्मणराव : लहान कारखानदाराने कुणाचा कित्ता गिरवावा?

सोलापुरात धंद्यात पडणाऱ्या पोराला थोरामोठ्यांचा दाखला द्यायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं जहाज, विमान आणि मोटारींचे कारखाने काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांचं. साहजिकच आहे. १८८२ साली ते इथेच जन्मले, इथल्या कॉलेजांना त्यांचं नाव आहे, गावाला त्यांचा अभिमान आहे. मलाही आहे. तरी अक्कलकोट रोडला टॉवेलचे यंत्रमाग चालवताना अडचणीच्या वेळी मी ज्यांचं चरित्र उघडतो, ते लोखंडी नांगर बनवून किर्लोस्कर उद्योग उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. नव्याने शेड घेणारी मुलं हल्ली विचारतात, दोघांपैकी कुणाकडून शिकावं? माझं मत मांडतो.

वालचंदांकडून शिकायची ती झेप. घरचा व्यापार आणि सावकारी हाताशी असताना हा माणूस रेल्वेच्या कंत्राटात उतरला, आणि भागीदार कोण, तर कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या महाराजांकडची बोट त्यांनी मित्रांना बरोबर घेऊन विकत घेतली आणि सिंधिया ही जहाज कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला हीच बोट, 'लॉयल्टी', मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यामुळेच. समोर इंग्रज बोट कंपन्या भाडी पाडून गिऱ्हाईक तोडत होत्या, तरी हे मागे हटले नाहीत. पुढे १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर कंपनी. एका आयुष्यात हे सगळं करणारा माणूस पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही.

पण त्यांचं चरित्र वाचताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. सरकारने हो म्हटलं तर गाडी पुढे, नाही म्हटलं तर खोळंबा. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतला. जहाजबांधणीही पुढे सरकारकडेच गेली. यात वालचंदांचा दोष मुळीच नाही. राज्य परक्यांचं होतं, आणि त्यांनी घेतलेली कामं सरकारच्या होकाराशिवाय होणारीच नव्हती. पण दुसऱ्याच्या होकारावर अडून राहणं त्यांना झेपलं, ते त्यांच्या पाठीशी एकाच वेळी दहा कामं चालू असल्यामुळे. आपल्यासारख्याचं एकच काम असतं.

हे मला इतकं का टोचतं, ते सांगतो. मध्यंतरी परगावच्या एका मोठ्या खरेदीदाराचं काम माझ्याकडे होतं. ऑर्डर मोठी, भाव चांगला. अट एवढीच, की रंगवलेल्या सुताचा नमुना त्यांच्याकडून पास होऊन आल्याशिवाय माल विणायचा नाही. नमुना पाठवला, तर 'थोडा पिवळसर वाटतो' म्हणून परत. दुसरा पाठवला, तर साहेब दौऱ्यावर. इकडे मागावर चढवायचे सुताचे रूळ (बीम) भरून तयार, माग बंद, आणि आठवडा संपला की कामगार पगाराला दारात उभे. त्यांनी कुठल्या साहेबाची वाट पाहायची? तिकडून फोन उचलला जाईना, आणि इकडे मी बंद मागांच्या मधून येरझाऱ्या घालत होतो. त्या शांततेचा त्रास ज्याने माग चालवले आहेत त्यालाच कळेल.

त्या दिवसांत मी लक्ष्मणराव पुन्हा वाचले. मुंबईत तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवत असताना त्यांची बढती डावलली गेली, तेव्हा अर्ज-विनंत्या करत न बसता ते सरळ बेळगावला गेले आणि भावाबरोबर सायकलचं दुकान चालवू लागले. पुढे कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. खोळंबा इथेही होता, पण तो गिऱ्हाइकाच्या मनातला. त्याच्यापर्यंत जाता येतं, त्याच्याशी बोलता येतं, माल सुधारता येतो.

मग मीही तसंच केलं. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या लॉजवाल्यांकडे टॉवेल घेऊन गेलो. एकाने टॉवेल हातात घेऊन मुरगाळलाच. म्हणाला, "जाड छान आहे हो, पण पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. मी खोलीत काय देऊ?" असं मला कुठल्याच खरेदीदाराने सांगितलं नव्हतं. परत आल्यावर टॉवेलच्या फुलाची, म्हणजे वरच्या धाग्यांच्या फासांची, उंची कमी केली, वजन उतरवलं, कडेची शिलाई दुहेरी केली. भाव थोडा कमी मिळतो, पण पैसे महिन्याच्या आत हातात येतात आणि माग बंद राहत नाहीत.

कुणी म्हणेल, लक्ष्मणरावांनाही औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिलंच की. खरं आहे. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा तो आधार मिळाला नसता, तर कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली नसती. पण ती मदत पाय रोवायला मिळाली. पुढचा प्रत्येक नांगर शेतकऱ्याच्या पसंतीवरच विकायचा होता.

माणसं निवडण्यातही मला त्यांचंच पारडं जड वाटतं. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी वाडीचे विश्वासू राखणदार झाले. आमच्याकडचा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, आठवीच्या पुढे शिकलेला नाही, पण मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. लॉजवाल्यांसाठीचं नवीन वाण त्याच्यावरच सोपवलं, आणि वजनाचा हिशोब त्याने माझ्यापेक्षा नेमका बसवला.

माझा धंदा लहान, म्हणून माझा कौल असा पडत असेल, हे मान्य. ज्याला रस्त्या-पुलांची टेंडरं भरायची आहेत, ज्याचं गिऱ्हाईक सरकारच आहे, त्याने वालचंदच आधी वाचावेत. भागीदार कसा निवडावा आणि वरच्या टेबलावर नकार मिळाला तर पुन्हा त्याच दारात कसं जावं, हे त्यांच्याइतकं कुणी शिकवणार नाही. पण चार-आठ माग, एखादं शिलाईचं युनिट किंवा छोटी फाउंड्री टाकत असाल, तर आधी लक्ष्मणराव वाचा, त्यातही बेळगावची वर्षं. बहुतेक जण किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करतात आणि नांगर खपत नव्हता तो काळ वगळतात. लहान कारखान्याच्या कामाचं सगळं त्याच काळात आहे.