कोविडचं घरगुती अँटिजेन किट: ‘सी’ची रेघ पाहून निर्धास्त होऊ नका

या किटबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी खरं तर नाकात काडी कशी फिरवली याच्या असतात. वस्तू म्हणून किट चोख आहे. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा निगेटिव्ह निकालाच्या कच्चेपणासाठी कापला, अर्धा माहितीपत्रकाच्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी.

कॅसेटमधल्या, म्हणजे किटातल्या चपट्या प्लास्टिकच्या डबीतल्या, पट्टीवर विषाणूचं एन प्रथिन (हेच अँटिजेन) पकडणाऱ्या अँटीबॉडीज असतात. नमुन्यात ते प्रथिन असलं की सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेल्या अँटीबॉडीज त्याला धरून पुढे सरकतात आणि ‘टी’ (टेस्ट) या खुणेपाशी अडकतात, तीच लालसर रेघ. विषाणू रूप बदलतो तो जास्त करून स्पाइक प्रथिनात, म्हणून नव्या व्हेरियंटनंतरही ही किट्स बहुतांशी चालत राहिली. ‘सी’ची (कंट्रोल) रेघ मात्र फक्त द्रावण पट्टीभर गेलं एवढंच सांगते. काडी नाकाला न लावता नुसतं द्रावण टाकलं तरी ती उमटते! त्यामुळे नमुना नीट घेतला गेला की नाही, हे किट कधीच सांगणार नाही.

आधी नाक शिंकरा, हात धुवा. किट 2 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. फ्रिजमधून काढलं असेल तर अर्धा तास बाहेर राहू द्या. कॅसेटचं पाकीट आधीच फोडून ठेवू नका, पट्टी हवेतला ओलावा धरते. काडी नाकपुडीत साधारण 2 सेंटिमीटर आत घालून भिंतीला टेकवत पाच वेढे द्या, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. नाकाच्या तोंडाशीच गुदगुल्या करून काढलेल्या काडीवर काही येत नाही. नंतर ती द्रावणात घुसळा आणि बाहेर काढताना नळीच्या भिंती दाबून काडीचं मऊ टोक पिळून घ्या. हा पिळायचा भाग हमखास राहून जातो, आणि अर्धा नमुना काडीसोबत कचऱ्यात जातो.

थेंब पत्रकात असतील तितकेच. बुडबुडा पडला तर तो थेंब धरू नका. जास्त ओतलंत तर पट्टीवर पूर येतो. घड्याळ लावा. बहुतेक किट्सचा निकाल 15 मिनिटांनी वाचतात. तासाभराने दिसलेली करडी रेघ वाळल्याची असू शकते, ती मोजू नका. वेळेत उमटलेली ‘टी’ची रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच. ‘सी’च आली नाही तर ते किट बाद.

वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात लक्षणं असलेल्यांमधले सुमारे 73 टक्के आणि लक्षणं नसलेल्यांमधले सुमारे 55 टक्केच बाधित अशा टेस्टने पकडले गेले. खोटे पॉझिटिव्ह फार कमी. म्हणून पॉझिटिव्हवर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करा, लक्षणं नसतील तर तिसऱ्यांदाही.

वयस्कर माणूस, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर मात्र हे दोन दिवस थांबणं महागात पडतं. पॅक्सलोविडसारखं कोविडवरचं विषाणूरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. अशा घरात ताप-खोकला असूनही निगेटिव्ह आली, तर दुसरं किट फोडत बसू नका, थेट डॉक्टरांना विचारून आरटी-पीसीआर करून घ्या.